स्नायू आपोआप फडफडतात तेव्हा: घाबरण्याआधी क्रमाने काय करायचं

रात्री दिवा मालवून आडवं व्हावं आणि पोटरीत काहीतरी टुकटुक उडायला लागावं. हात ठेवला तर बोटाखाली जाणवतं, पांघरूण सारून पाहिलं तर कातडीखाली दिसतंसुद्धा. दुखत नाही, पायही हलत नाही. दोन दिवसांनी तेच दंडात, मग पापणीत, मग तळपायात. बरेच लोक ‘नस उडतेय’ म्हणून कूस बदलतात आणि झोपतात. काही जण मात्र मोबाइल हातात घेतात, आणि पहिल्याच पानावर ‘एएलएस’ (स्नायू निकामी करत जाणारा मोटर न्यूरॉन आजार) ही अक्षरं दिसली की झोप जाते ती जातेच. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या गटासाठी आहे.

या फडफडीला वैद्यकशास्त्रात फॅसिक्युलेशन म्हणतात. मागे दुसरा कुठलाही आजार नसताना ती महिनोन्‌महिने चालू राहिली, तर त्याला बिनाइन फॅसिक्युलेशन सिंड्रोम, थोडक्यात बीएफएस, असं नाव आहे. बिनाइन म्हणजे निरुपद्रवी.

आत काय घडतं ते समजून घेतलं तर निम्मी भीती ओसरते. मज्जारज्जूतली एक चेतापेशी स्नायूच्या अनेक तंतूंना एकदम हुकूम देते. डोळा हलवणाऱ्या स्नायूंत एका पेशीच्या हाताखाली मोजकेच तंतू असतात, पोटरीत मात्र हजारावर. हुकूम नसतानाच पेशीपासून स्नायूकडे जाणारी एखादी तार, म्हणजे चेतातंतू, आपणहून चेतली, की तिच्या ताब्यातले सगळे तंतू क्षणभर आकसतात आणि कातडीखाली उसळी दिसते. निरुपद्रवी फडफडीत ही ठिणगी बहुतेकदा तारेच्या टोकाकडच्या बारीक फांद्यांत पडते, म्हणजे पेशी शाबूत असते. पोटरीची फडफड इतकी ठळक का, हेही यावरून लक्षात येईल: तिथे एका ठिणगीला खूप तंतू उत्तर देतात.

आणि हे दुर्मीळ तर मुळीच नाही. १९६३ साली अमेरिकेत रीड आणि कर्लंड यांनी वैद्यकीय क्षेत्रातल्या धडधाकट लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांनी आपल्याला अशी फडफड होते असं सांगितलं.

पायरी १: ही फडफडच आहे ना, ते आधी ठरवा

‘अंग उडतं’ या एका तक्रारीखाली पाच-सहा वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी असते.

फॅसिक्युलेशन म्हणजे स्नायूच्या एका भागाची छोटी, वेदनारहित उसळी. स्नायू सैल असताना ती येते आणि तो स्नायू वापरायला घेतला की बहुधा थांबते. कधी एकाच जागी तासन्‌तास चालते, कधी तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी अंगभर इथेतिथे. सांधा हलत नाही. अपवाद बोटांचा: तिथले स्नायू लहान, त्यामुळे अंगठा किंवा करंगळी आपोआप हललेली दिसू शकते.

पोटरीत गोळा येणं, वांब येणं हे वेगळं. तिथे स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि जीव कळवळतो. काहींना फडफड आणि गोळे दोन्ही होतात. झोप लागता लागता सगळं अंग दचकून उडतं, तो तिसरा प्रकार. जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी होतो. हात पुढे धरल्यावर लयीत थरथरतो तो कंप, त्याचा या लेखाशी संबंध नाही.

पापणीचं सांगायलाच हवं, कारण सर्वांत जास्त लोक तिथूनच सुरुवात करतात. डोळा लवणं बहुधा एकाच डोळ्याच्या खालच्या पापणीत असतं आणि काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपोआप जातं. उजवा की डावा, शुभ की अशुभ, ही चर्चा घरातल्या थोरांवर सोपवा. तुम्ही एवढंच बघा: पापणीबरोबर त्याच बाजूचा गाल किंवा ओठाचा कोपरा ओढला जातो का? डोळा पूर्ण मिटून जातो का? तसं असेल तर तो अर्ध्या चेहऱ्याचा आचका असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, पण मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं लागतं.

पायरी २: थांबून चालणार नाही अशा गोष्टी

शेतात कीटकनाशक फवारल्यानंतर अंग फडफडू लागलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि निघा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतून आणि श्वासातून शरीरात शिरतात आणि स्नायूंना हुकूम पोचवणारं रसायन साचू देतात. फडफडीबरोबर लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या-जुलाब, छाती भरून येणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणं, असं चित्र दिसतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. अंगावरचे कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल दवाखान्यात घेऊन जा. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती मुंग्या आणि हाताची बोटं आकसणं, हीसुद्धा तातडीची बाब. कॅल्शियम घसरल्याची ती खूण असू शकते.

बाकीच्यांनी पुढच्या पायरीवर यावं.

पायरी ३: ताकद बघा, आणि एकदाच बघा

फडफड कुठे होते, दिवसातून किती वेळा, किती जोरात, यावरून निदान होत नाही. निदान फिरतं ते ताकदीवर. ज्या मोटर न्यूरॉन आजाराची लोकांना धास्ती असते, त्यात स्नायू निकामी होत जातात; रुग्ण डॉक्टरकडे जातो तो सहसा ‘काहीतरी जमेनासं झालंय’ म्हणून. तिथे फडफड ही मरत चाललेल्या चेतापेशींची सोबतीण असते. बीएफएसमध्ये फडफड कितीही असो, कामं होत राहतात.

म्हणून घरच्या घरी एवढं करून पाहा. खोलीभर फक्त टाचांवर चाला, मग फक्त चवड्यांवर. एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा उचला, मग दुसऱ्या पायावर. हात न टेकता खुर्चीतून उठा. मांडी घालून बसायची सवय असेल तर जमिनीवरून उठा. कुकरचं झाकण लावा-काढा, शर्टाची बटणं लावा, कुलपात किल्ली फिरवा, नेलकटरने दोन्ही हातांची नखं कापा. घरच्या माणसाला विचारा: माझं बोलणं जड झालंय का? पाणी पिताना मला ठसका लागतो का? चालताना पायातली चप्पल वारंवार निसटते का?

हे सगळं नेहमीसारखं होत असेल तर तपासणी संपली. उद्या पुन्हा करू नका. हा सल्ला मी ठासून देतोय, कारण बीएफएसचे निम्मे हाल रोजच्या तपासण्यांमुळे होतात. दिवसातून वीस वेळा चवड्यांवर उभं राहणाऱ्याची पोटरी थकते आणि थकलेला स्नायू जास्त फडफडतो. मग ‘वाढलं, वाढलं’ म्हणून तो आणखी वीस वेळा उभा राहतो.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या. हात ‘जड वाटणं’ आणि हाताने काम ‘न होणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिंतेत हात-पाय गळाल्यासारखे वाटतात, पण भरलेली बादली उचलायची वेळ आली की उचलली जाते. खऱ्या अशक्तपणात बादली उचलली जात नाही, मन कितीही शांत असलं तरी.

आरशापुढे जीभ बाहेर काढून ती थरथरते का, हे पाहणाऱ्यांचा एक मोठा पंथ आहे. बाहेर ताणलेली जीभ कोणाचीही थरथरते. डॉक्टर जीभ तोंडातच, सैल असताना पाहतात. तसंच टेपने दोन्ही पोटऱ्या मोजणं: उजवा-डावा थोडा फरक सगळ्यांच्या अंगात असतो. स्नायू खरंच वाळत असेल, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला उंचवटा बसत चालला असेल आणि त्या हाताची पकडही सुटत असेल, तर ती गोष्ट टेपशिवाय कळते.

पायरी ४: आठवडाभराची नोंद

नोंद फडफडीची ठेवायची नाही. ती मोजायला बसलात की लक्ष तिथेच खिळतं आणि एरवी न जाणवणाऱ्या उसळ्याही जाणवू लागतात. नोंद ठेवायची ती झोपेची, चहा-कॉफीची, तंबाखू आणि दारूची, व्यायामाची आणि अलीकडच्या तापाची. विषाणूजन्य तापानंतर काही आठवड्यांनी फडफड सुरू झाल्याचं अनेक रुग्ण सांगतात.

कॅफिनचा हिशोब बहुतेक लोक कमी धरतात. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये म्हटलं. गरोदरपणात २०० पर्यंत. पूर्ण कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम येतं, कॉफीत त्याहून जास्त. ऑफिसातले पाच-सहा चहा, दुपारची कॉफी आणि रात्री जागायला एनर्जी ड्रिंकचा डबा, एवढ्यात आकडा कुठे जातो ते स्वतःच बघा. आणि ४०० ही काही प्रत्येकाच्या स्नायूंना मान्य असलेली रेषा नाही. काहींना दोन कपांतच पापणी उडते.

श्रमाचंही तसंच. सवय नसताना सिंहगड चढून आलेल्या माणसाच्या, किंवा वारीत दिवसभर चाललेल्या माणसाच्या पोटऱ्या संध्याकाळी फडफडल्या नाहीत तरच नवल.

पायरी ५: घरातला औषधांचा डबा उघडा

दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, थिओफायलिन असलेल्या गोळ्या, लिथियम, एकाग्रतेसाठी दिली जाणारी उत्तेजक औषधं, या सगळ्यांनी थरथर किंवा फडफड होऊ शकते. मायस्थेनियासाठी (स्नायू लवकर थकण्याच्या आजारासाठी) पायरिडोस्टिग्मिन चालू असेल तर फडफड जवळपास अपेक्षितच. लघवी वाढवणाऱ्या अनेक गोळ्या पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली आणतात.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या आम्लपित्ताच्या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय, वर्षानुवर्षे, सकाळच्या चहाइतक्या सहज घेतल्या जातात. दीर्घकाळ घेतल्यास रक्तातलं मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिला आहे. फडफडीसाठी गेलात आणि ही गोळी सांगायची राहिली, असं होऊ देऊ नका.

यातलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. यादी करून डॉक्टरांपुढे ठेवायची.

पायरी ६: डॉक्टरांकडे

आधी फॅमिली डॉक्टर. रक्ताच्या तपासण्या मोजक्याच लागतात: हिमोग्लोबिन आणि पेशी, साखर, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, मूत्रपिंडाची क्रिया, थायरॉइडचं टीएसएच, व्हिटॅमिन डी आणि बी-१२. यातल्या टीएसएचवर माझा विशेष भर आहे: थायरॉइड जास्त चालत असेल तर फडफड, धडधड, घाम, वजन घटणं असं सगळं एकदम येतं आणि ते बरं करता येतं. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ टाळू नका.

मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचं ते ताकदीबद्दल शंका असेल तर, फडफड बरेच आठवडे एकाच अवयवात टिकून असेल तर, मुंग्या-बधिरपणा किंवा मानेतून हातात जाणारी कळ सोबत असेल तर, घरात कोणाला मोटर न्यूरॉन आजार झालेला असेल तर, किंवा पन्नाशीनंतर अंगभर फडफड नव्याने सुरू झाली असेल तर. आणि भीतीने झोप उडाली असेल, तर तेवढं कारणही पुरेसं आहे. ‘उगाच डॉक्टरांचा वेळ घेतला’ असं वाटून घेऊ नका. खुद्द डॉक्टरांनाच फडफडीवरून एएलएसची भीती वाटते आणि ते सहकाऱ्यांकडे धाव घेतात, यावर सायमन आणि किर्नन या ऑस्ट्रेलियातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये लेखच लिहिला.

तपासणीत ते हातोडीने गुडघ्यावर टिचकी मारतील, तळव्यावर रेघ ओढतील, स्नायूंची ताकद आपल्या हाताने अजमावतील. ही दहा-पंधरा मिनिटं कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाची आहेत. फडफड मोबाइलवर चित्रित करून नेलीत तर बरं, कारण दवाखान्यात ती हटकून गप्प बसते. पाय नुसता जोरात उडाला म्हणून दचकू नका. तणावात असलेल्या निरोगी माणसाच्याही प्रतिक्षिप्त क्रिया तेज असतात.

गरज वाटली तर ईएमजी सांगतील. यात बारीक सुई स्नायूत घालून त्यातली विद्युत हालचाल ऐकतात आणि पडद्यावर पाहतात. टोचतं, पण सोसण्यासारखं असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. अहवालात ‘फॅसिक्युलेशन पोटेन्शियल’ हे शब्द दिसले म्हणून घाबरायचं नाही, ती तर तुमची तक्रारच आहे. पाहायचं असतं ते स्नायूचा चेतातंतूशी संबंध तुटल्याच्या खुणा आहेत का. त्या नसतील आणि ताकदही ठीक असेल, तर उत्तर मिळालं. मग दुसऱ्या शहरात तिसरी ईएमजी, आणि ‘एकदा एमआरआय करूनच टाकू’, हे पैसे वाया घालवणं आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये निरुपद्रवी फडफडीच्या १२१ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. कोणाचा दोन वर्षं, कोणाचा तब्बल ३२ वर्षं. त्यातल्या एकालाही पुढे मोटर न्यूरॉन आजार झाला नाही.

पायरी ७: फडफड कमी कशी करायची

बीएफएससाठी खास असं औषध नाही. झोप, कॅफिन, श्रम आणि चिंता या चार गोष्टींवर काम करायचं, आणि माझ्या मते याच क्रमाने.

झोप पुरेशी झाली नाही तर बाकीचं काही लागू पडत नाही. कॅफिन एकदम तोडू नका, डोकं ठणकेल. आठवड्याला एक-दोन कप कमी करत या आणि दुपारनंतरचा चहा आधी सोडा. व्यायाम बंद करायचा नाही. जोर कमी करा, दिवसाआड विश्रांती ठेवा. झोपण्यापूर्वी भिंतीला हात लावून, टाच जमिनीला टेकवून पोटरी अर्धा मिनिट ताणा, दोन-तीन वेळा; गोळे येणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो. उन्हाळ्यात घाम गाळून आल्यावर नुसतं पाणी पिण्यापेक्षा मीठ-साखरेचं लिंबू सरबत बरं. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर मीठ-साखरेचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा मोठा गवगवा आहे. रक्तात ते कमी असेल तर जरूर घ्यावं. नसेल तर फायद्याचा पुरावा तोकडा आहे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी सल्ल्याशिवाय घेऊच नये. ‘नसांच्या ताकदीसाठी’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सचा मारा करण्यातही जोखीम आहे: बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर चेतातंतूंनाच इजा होते. ‘नस दबलीय, मोकळी करून देतो’ म्हणून मान मोडणाऱ्यांपासून लांब राहा.

गोळे फार येत असतील किंवा फडफडीने झोपच लागत नसेल, तर तज्ज्ञ कधीकधी गाबापेन्टिन किंवा कार्बामाझेपिनसारखी औषधं देतात. ती चिठ्ठीवरच घ्यायची. रात्री पोटरीत गोळे येण्यावर क्विनाइन हा जुना उपाय आहे, पण हृदय आणि रक्तपेशींवरच्या परिणामांमुळे तो आता टाळतात.

पायरी ८: भीतीचं काय?

बीएफएसच्या अनेक रुग्णांत भीती हाच मुख्य आजार असतो. लक्षण कल्पनेतलं नसतं, स्नायू खरोखरच उडतो. पण भीतीने शरीरात ताणाची रसायनं वाढतात, झोप जाते, स्नायू आणखी चेततात, आणि त्या प्रत्येक उसळीत पुरावा दिसू लागतो. याच मोटर न्यूरॉन आजाराने ग्रासलेल्या स्टीफन हॉकिंग यांचं नाव आणि चाकांच्या खुर्चीतलं छायाचित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे बुद्धीला पटलं तरी पोटातला गोळा जात नाही.

काही ठोस नियम लावून घ्या. लक्षणं शोधायला मोबाइल हातात घ्यायचा नाही, विशेषतः रात्री. घरच्यांना दर तासाला ‘बघ ना, इथे उडतंय’ म्हणून दाखवायचं नाही. घरच्यांनीही ‘काही नाही रे, तुझं मनच कमकुवत’ असं म्हणायचं नाही. ‘डॉक्टरांनी पाहिलंय, आता आपण जेवायला बसू’, एवढं म्हणावं. फडफड सुरू झाली की तो स्नायू हलवा, हातातल्या कामात लागा.

दोन-तीन आठवड्यांत भीती हटली नाही तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. विचार आणि वागणूक बदलण्याच्या उपचारपद्धतीचा, म्हणजे सीबीटीचा, आरोग्याच्या चिंतेवर चांगला उपयोग होतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

पायरी ९: पुढची तारीख ठरवा

फडफड किती दिवस राहील? काहींची महिन्याभरात जाते, काहींची वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहते. परीक्षेचा किंवा हिशोबाचा महिना आला, घरात आजारपण आलं, की ती पुन्हा डोकं वर काढते. त्याचा अर्थ आजार वाढला असा होत नाही.

क्वचित प्रसंगी मोटर न्यूरॉन आजारात फडफड आधी आणि अशक्तपणा मागून येतो. म्हणून फडफड नवी असताना पहिली तपासणी झाली असेल, तर सहा महिन्यांनी एक फेरतपासणी घ्यावी. तारीख डॉक्टरांनी द्यायची, तुम्ही कॅलेंडरवर लिहायची, आणि मधल्या काळात टाचा-चवड्यांची परीक्षा घ्यायची नाही. त्याआधी परत जायचं ते फक्त यांसाठी: एखादं रोजचं काम जमेनासं झालं, पाय अडखळू लागला, बोलणं किंवा गिळणं बदललं, हाताचा-पायाचा स्नायू उघड बारीक झाला, किंवा कारण नसताना वजन उतरू लागलं. फडफड डाव्या पोटरीतून उजव्या दंडात गेली, एवढ्यासाठी नाही.